कांडी मशीनची मोटर

सांगली शहराला लागून माधवनगर आहे. यंत्रमागांचा खडखडाट ह्या गांवाच्या इतका अंगवळणीं पडलेला आहे कीं, परगांवचा पाहुणा पहिल्या रात्रीं त्या आवाजानें जागा राहतो, आणि तेथें वाढलेला मनुष्य आवाज थांबला म्हणजे जागा होतो. माग थांबला कीं घरांतील बायकामाणसेंहि विचारतात, "वीज गेली कां?" पण वीज गेलेली नसतां, दिवे लागलेले असतां, एखादी मोटर नुसतीच घुं घुं करीत बसते आणि कांहीं दिवसांनीं जळते, तेव्हां कोणाला विचारावें हें सहसा सुचत नाहीं. अशा वेळीं दोष बहुधा हाताशीं असलेल्या माणसाच्या माथीं येतो.

असें एक शेड उदाहरणादाखल डोळ्यांपुढें आणावें. मालकाला गल्लींत सर्वजण अण्णा म्हणतात. पुढें रस्त्याकडेला मीटरची खोली, तिच्यामागें मागांचें शेड, आणि शेडाच्याहि मागें पत्र्याच्या पडवींत कांडी मशीन. धोट्यांत बसवावयाच्या कांड्यांवर ह्या मशीनवर सूत भरलें जातें. कांड्या भरल्या नाहींत तर पुढचे सगळे माग उभे राहतात. मागांच्या मोटारींना तीन फेजची लाइन आहे. कांडी मशीनची एक अश्वशक्तीची मोटर मात्र सिंगल फेजवर, वेगळ्या मीटरवर चालते, आणि त्या मीटरपासून तिच्यापर्यंत तार भिंतीच्या कडेनें व तुळईवरून वळणें घेत ८० मीटर जाते.

ह्या मशीनवर एक मावशी पुष्कळ वर्षें कांड्या भरीत आहेत. पावसाळ्यांत मोटर जळाली. वाइंडिंग करून आणली, ती दिवाळीनंतर पुन्हां जळाली. मोटर सुरू करतांना मावशी मशीनचा पट्टा हातानें ओढतात, हें अण्णांनीं स्वतः पाहिलें होतें. हातानें पट्टा ओढून यंत्राशीं झोंबाझोंबी करणें हेंच मोटर जळण्याचें कारण, असें त्यांनीं ठरविलें, आणि दोन्ही वेळचा वाइंडिंगचा खर्च मावशींच्या नांवावर वहींत लिहून आठवड्याच्या पगारांतून थोडा थोडा कापावयास सुरुवात केली.

अण्णा कांहीं दुष्ट नव्हेत, आणि अगदींच अडाणीहि नव्हेत. खर्च लिहिण्यापूर्वीं त्यांनीं एका माणसाकडून दाब मोजून घेतला होता. मीटरपाशीं २३० व्होल्ट, मशीनपाशींहि २३० व्होल्ट. ह्याहून अधिक पुरावा कोणता हवा? पुढें दुसरा एक मिस्त्री कामाला आला, त्याला ही हकीकत सांगितली तेव्हां त्यानें एकच प्रश्न केला.

"अण्णा, मोजलें तेव्हां मशीन चालू होतें कीं बंद?"

"बंद. चालू मशीनपाशीं हात घालून कोण मोजणार?"

"मग तें मोजणें न मोजण्यासारखेंच झालें."

ह्या उत्तराचा अर्थ समजण्यास दोनशें वर्षें मागें जावें लागतें. गेओर्ग सिमोन ओहम हा जर्मनींतील एका कुलपें बनविणाऱ्या कारागिराचा मुलगा. कोलोन येथील शाळेंत तो गणित व पदार्थविज्ञान शिकवीत असे. तारांची लांबी आणि जाडी बदलीत, त्यांतून वाहणारी वीज तो मोजीत गेला, आणि १८२७ सालीं त्यानें आपला सिद्धांत ग्रंथरूपानें मांडला. सिद्धांत इतका साधा आहे कीं, तो सिद्ध करण्यास कष्ट पडले असतील हेंच आज खरें वाटत नाहीं. तारेच्या दोन टोकांमधील दाबाला तींतून वाहणाऱ्या प्रवाहानें भागावें. जो आंकडा येतो तो त्या तारेचा रोध. दाब दुप्पट केला तर प्रवाह दुप्पट होतो, रोध तोच राहतो. दाब व्होल्टांत आणि प्रवाह अँपिअरांत मोजला म्हणजे रोध येतो ओहमांत. ज्या शिक्षकाच्या ग्रंथाचें त्याच्या देशांत प्रथम थंडेंच स्वागत झालें, त्याचेंच नांव ह्या मापाला मिळालें. लंडनच्या रॉयल सोसायटीनें १८४१ सालीं त्याला कॉप्ले पदक दिलें. तोंपर्यंत चौदा वर्षें गेलीं होतीं.

आतां अण्णांच्या तारेकडे वळावें. दाब म्हणजे प्रवाह गुणिले रोध. मशीन बंद असतां तारेंतून प्रवाह वाहतच नाहीं. प्रवाह शून्य, तेव्हां तारेंत खर्ची पडणारा दाबहि शून्य. तार जाड असो, बारीक असो, सडलेली असो, दोन्ही टोकांना मीटर २३०च दाखविणार. बंद तोटीच्या नळांत सर्वत्र पाण्याचा जोर सारखाच असतो. नळ कोठें गाळानें बुजला आहे हें तोटी सोडल्यावरच कळतें. तार पारखावयाची तर तिच्यावर भार घालूनच पारखली पाहिजे.

परंतु मिस्त्रीनें मोटर सुरू केली नाहीं. त्यानें अण्णांच्या घरांतून पाणी तापवावयाचा १५०० वॉटचा रॉड मागविला, पाण्यानें भरलेल्या बादलींत सोडला आणि मशीनच्या जागीं जोडला. अण्णांना हा चेष्टेचा प्रकार वाटला. मोटारीऐवजीं रॉड कां, ह्याचें कारण पुढें येईल. रॉड चालू असतां मीटरपाशीं दाब भरला २२८ व्होल्ट. पडवींत भरला २०४. टाँगटेस्टरचा चिमटा एका तारेभोंवतीं धरला तेव्हां प्रवाह दिसला ६ अँपिअर. ह्या तीन आंकड्यांत सर्व कांहीं आहे.

रॉडच्या टोकांवर २०४ व्होल्ट आहेत आणि त्यांतून ६ अँपिअर वाहत आहेत. म्हणून रॉडचा रोध ३४ ओहम. वाटेंत २४ व्होल्ट गळाले, तोच ६ अँपिअरचा प्रवाह तारेंतूनहि वाहत आहे. म्हणून तारेचा रोध ४ ओहम. शक्ति काढावयाची तर भागाकाराऐवजीं गुणाकार करावा. रॉडला मिळाले २०४ गुणिले ६, म्हणजे १२२४ वॉट. तारेनें खाल्ले २४ गुणिले ६, म्हणजे १४४ वॉट. १५०० वॉटचा म्हणून विकत घेतलेला रॉड १२२४ वॉटच कां देतो, ह्याबद्दल दुकानदाराशीं भांडण्याचें कारण नाहीं; दाब कमी झाला कीं प्रवाहहि कमी होतो आणि शक्ति दोन्हीकडून घटते. "व्होल्टेज कमी असलें कीं बिल कमी येतें" ही समजूतहि येथेंच तपासून पाहावी. बादलीभर पाणी ठराविक उष्णतेपर्यंत तापविण्यास ठराविक युनिटें लागतातच. रॉड मंद झाला तर तो अधिक वेळ चालतो, इतकेंच. आणि मधल्या काळांत तारेंत जळणारी वीज ही वरकड भरावी लागते.

चार ओहम ही संख्या मिस्त्रीला पटली नाहीं. जास्त दाब गळाला ह्याचें त्याला नवल नव्हतें. पण तारेची जाडी पाहून त्यानें मनांत दुसराच आंकडा धरला होता. एक मीटर लांब आणि एक चौरस मिलिमीटर जाड अशा तांब्याच्या तारेचा रोध साधारण ०.०१७२ ओहम असतो, हें पाठच असावयाचें. पडवीपर्यंत ८० मीटर, आणि विजेला जाऊन परत यावयाचें असतें म्हणून १६० मीटर. तार एक चौरस मिलिमीटरची. गुणाकार केला तर २.७५ ओहम येतात. मोजलेले चार, हिशेबाचे पावणेतीन. मग सव्वा ओहम कोठून आला?

तांबें खोटें बोलत नाहीं. सव्वा ओहम वाटेंत कोठें तरी बसलेला असलाच पाहिजे. मिस्त्रीनें मेन स्विच पाडला, फ्यूज काढून खिशांत घातला आणि शिडी लावून तुळईपासून तार चांचपीत निघाला. फ्यूज खिशांत घालण्याची ही संवय वायरमन लोकांत अजून आहे, आणि ती असावी हेंच बरें. माणसाचें शरीर हाहि विजेच्या दृष्टीनें एक रोधच आहे. कातडी ओली असली तर तो हजार ओहमांच्या घरांत येतो. २३० व्होल्टांना हजारानें भागलें तर पाव अँपिअरच्या आसपास प्रवाह निघतो, आणि त्याच्या कितीतरी कमी प्रवाहानेंहि हृदयाची लय बिघडून प्राण जातो. म्हणूनच घरांत बसवितात तें गळतीरोधक स्विच ३० मिलिअँपिअरवरच तुटेल असें केलेलें असतें. ऊंसाच्या बांधावर ओल्या पायांनीं स्टार्टरच्या पेटीला हात लावणाऱ्या शेतकऱ्यानें हा भागाकार एकदां तरी करून पाहावा.

शेडाच्या मागच्या कोपऱ्यांत, तुळईच्या आड, तारेला जोड दिलेला सांपडला. दोन टोकें नुसतीं पिळून त्यांवर चिकटपट्टी गुंडाळलेली. पट्टी काळी पडून कडक झालेली, आणि तिच्यावर सुताचा पिंजा बोटभर जाडीनें सांठलेला. पट्टी सोडविली तेव्हां आंतील तांबें हिरवट-काळें झालेलें दिसलें. सव्वा ओहम तेथेंच बसला होता.

सव्वा ओहम ऐकावयास क्षुल्लक वाटतो. पण त्यांत उष्णता किती निघते हें पाहावें. १८४१ सालीं मँचेस्टरजवळच्या एका मद्य गाळणाऱ्या घराण्यांतील तरुणानें, जेम्स जूलनें, तारेंत निर्माण होणारी उष्णता मोजली, आणि ती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते असें दाखविलें. प्रवाह दुप्पट झाला कीं उष्णता चौपट. वरील गुणाकारांतूनहि हेंच निघतें: शक्ति म्हणजे दाब गुणिले प्रवाह, आणि दाब म्हणजे प्रवाह गुणिले रोध, म्हणून शक्ति म्हणजे प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध. मोटर चालतांना तारेंतून ७ अँपिअर वाहतात. सातांचा वर्ग ४९, त्याला सव्वानें गुणलें म्हणजे ६१ वॉट. जुन्या साठ वॉटच्या बल्बाला हात लावून ज्यांनीं पाहिलें असेल त्यांना ही उष्णता ठाऊक आहे. तेवढी उष्णता बोटाएवढ्या जागेंत, सुताच्या पिंज्याखालीं, रोज दहा तास निघत होती. शेडाला आग लागली नाहीं ह्याला नशीब म्हणावें लागतें.

जूलचा हाच वर्ग कोयनेपासून माधवनगरपर्यंत सर्वत्र लागू आहे. सातारा जिल्ह्यांतील कोयनेचें पाणी सह्याद्रीच्या पोटांतून पश्चिमेकडे पोफळीस उतरवून १९६२ पासून वीज काढली जात आहे. ती वीज दूरवर धाडतांना दाब वाढवून २,२०,००० व्होल्ट करतात. तितकीच शक्ति २३० व्होल्टांवर धाडूं म्हटलें तर प्रवाह साडेनऊशें पटींनीं वाढेल, आणि त्याच तारेंतील उष्णता नऊ लाख पटींनीं. कोणतीहि तार तें सोसणार नाहीं. म्हणून दाब चढवून वीज आणावयाची आणि गांवाशीं रोहित्र बसवून तो उतरवावयाचा. इतकी काळजी घेऊन गल्लीपर्यंत आणलेली वीज शेवटच्या ८० मीटरांत पिळलेल्या जोडावर जळून जावी, ही त्यांतील खेदाची गोष्ट.

आतां मोटारीकडे वळावें. मिस्त्रीनें तपासणीला रॉड घेतला, कारण रॉड हा सरळ प्राणी आहे. भागाकार सांगेल तेंच तो करतो. मोटारीचें तसें नाहीं. तिच्या तारेच्या गुंडाळीचा रोध बंद असतां मोजला तर दोन-तीन ओहम भरतो. २३० ला तिनांनीं भागलें तर ७७ अँपिअर येतात. प्रत्यक्ष चालतांना तर ६-७ अँपिअरच वाहतात. बाकीचा दाब अडविला जातो तो तारेच्या रोधानें नव्हे, तर मोटारींत उत्पन्न होणाऱ्या चुंबकत्वानें आणि तिच्या फिरण्यानें. ह्यामुळें प्रवाह दाबाच्या किंचित मागें रेंगाळतो, आणि दोहोंचा नुसता गुणाकार खऱ्या शक्तीहून मोठा येतो. रॉड काढून मोटर चालू केल्यावर मिस्त्रीनें तेंहि दाखविलें. मीटरपाशीं २२८ व्होल्ट आणि ७ अँपिअर, गुणाकार १५९६. पण मीटरवरील तांबडा ठिपका एका मिनिटांत ६८ वेळां लुकलुकला, आणि मीटरच्या तोंडावर ३२०० लुकलुकी म्हणजे एक युनिट असें छापलेलें होतें. त्यावरून शक्ति निघते १२७५ वॉट. सुमारें तीनशें वीस वॉटांचा हा फरक कोणी चोरलेला नाहीं. तो प्रवाह तारेंतून नुसता येतो-जातो, काम करीत नाहीं, मात्र तार तापविण्याचें काम इमानानें करतो. ह्या प्रमाणालाच पॉवर फॅक्टर म्हणतात. कारखानदार मोटारींवर कपॅसिटर बसवितात ते हा रेंगाळलेला प्रवाह जागच्या जागीं पुरविण्यासाठीं.

बल्बचीहि अशीच एक गंमत आहे, आणि शाळेंतील मुलें तिच्यापाशीं हमखास अडतात. साठ वॉटच्या तारेच्या बल्बचा रोध हिशेबानें ८८२ ओहम येतो. थंड बल्ब मीटरनें मोजला तर साठ-सत्तर ओहमच भरतो. दोन्ही आंकडे खरे आहेत. आंतील टंगस्टनची तार तापून पांढरी होते तेव्हां तिचा रोध बारा-पंधरा पटींनीं वाढलेला असतो. बल्ब उडतो तो बहुतेक वेळां बटण दाबतांक्षणींच, हें ज्यांच्या लक्षांत आलें असेल त्यांना आतां त्याचें कारणहि कळेल.

मावशींच्या मोटारीला दाब कमी मिळाला तर ती रॉडसारखी मुकाट्यानें मंद होत नाहीं. कांड्यांचा भार तर ओढावयाचाच असतो. म्हणून दाब उतरला कीं ती प्रवाह अधिक घेते. चांगल्या तारेवर जिला सव्वासहा अँपिअर पुरले असते, ती येथें सात घेत होती. तेवढ्यानें गुंडाळींतील उष्णता चौथ्या हिश्श्यानें वाढली. पण खरा घात होतो तो सुरुवातीला. उभी मोटर हलण्यापूर्वीं चालत्या मोटारीच्या पांचपट प्रवाह मागते. चार ओहमांच्या तारेंतून तो येतां येतां मोटारीच्या टोकांवर साधारण १६० व्होल्टच शिल्लक राहतात. मोटारीची ओढ दाबाच्या वर्गाप्रमाणें घटते, म्हणून ती निम्म्यावर येते. सकाळीं थंडींत तेल घट्ट झालेलें असतें, चात्या सुतानें भरलेल्या असतात. निम्म्या ओढीवर मशीन हलत नाहीं. मोटर घुं घुं करीत उभी राहते, तिच्यांतून बावीस अँपिअरच्या वर प्रवाह वाहतो, पंखा फिरत नसल्यामुळें वाराहि नाहीं, आणि गुंडाळींत नेहमींच्या बारापट उष्णता भरूं लागते. अशा स्थितींत मिनिट-दोन मिनिटें गेलीं कीं वार्निशाचा वास येतो.

मावशी पट्टा हातानें कां ओढीत होत्या, तें आतां उघड झालें. त्यांनीं तो ओढला नसता तर मोटर दुसऱ्यांदा जळण्यास दिवाळीपर्यंत वाट पाहावी लागली नसती. त्यांना ओहम ठाऊक नव्हता. वास ठाऊक होता. आवाज बदलला कीं पट्ट्याला हात घालावयाचा, हें त्या अनुभवानें शिकल्या होत्या. चालत्या पट्ट्याला हात लावणें धोक्याचें खरें, आणि बोट गेलें असतें तर तो खर्च कोणत्या वहींत लिहिला असता हा प्रश्नच आहे.

मिस्त्रीनें चार चौरस मिलिमीटरची तार घालावी असें सुचविलें. १६० मीटरांचा रोध तिच्यांत पाऊण ओहमाहूनहि कमी. तारेंत जळणारे १९६ वॉट तिच्यामुळें तिसांच्या आंत येतात. दिवसाला दहा तास आणि महिन्याला सव्वीस दिवस धरले तर चव्वेचाळीस युनिटांच्या आसपास वीज दर महिन्याला वांचते. हा हिशेब अण्णांना तत्काळ पटला. तारेचें भेंडोळें दुसऱ्याच दिवशीं आलें.

तार ओढून झाल्यावर मावशींनीं स्विच दाबला. मशीन पट्टा न ओढतां फिरूं लागलें. त्या थोडा वेळ हात पट्ट्याजवळ धरूनच उभ्या होत्या.

वहीचा प्रश्न मात्र राहिला होता. मिस्त्रीनें तो काढला तेव्हां अण्णा म्हणाले, "दुसऱ्या वेळचे पैसे मी परत देतों. पण पहिल्या वेळीं तो जोड नव्हता. उंदरानें तार तोडली ती दसऱ्याला, जोड त्यानंतरचा. पहिली मोटर पावसाळ्यांत गेली."

मिस्त्रीनें भिंतीवर खडूनें लिहिलेल्या आंकड्यांतून सव्वा पुसला.

"अण्णा, जोड नसला तरी बारीक तारेचे पावणेतीन ओहम होतेच. सुरू होतांना १८० व्होल्ट धरा. १८० चा वर्ग भागिले २३० चा वर्ग. ओढ किती राहिली?"

अण्णांनीं आंकडेमोड केली. साठ टक्के आणि वर थोडें.

"भरलेलें मशीन साठ टक्क्यांत उचलेल कां, तें तुम्हीच सांगा. मशीन तुमचें आहे."

अण्णा कांहीं बोलले नाहींत. त्यांनीं आंत जाऊन वही आणली, मावशींच्या नांवाचें पान काढलें, आणि कापलेल्या रकमांची बेरीज वरपासून पुन्हां एकदां करावयास घेतली.